भरती-ओहोटी विचारून निघा, ड्रायव्हरला विचारून नको

मागच्या अंकात मी अंदमानला जाऊन आल्याचं सहज दोन ओळीत लिहिलं अन् त्याच्यावर एवढे मेसेज आले की संपादक म्हणाले, ह्या वेळचा सगळा कॉलम त्याच्यावरच करून टाक. करतो. निम्म्या लोकांना बीच पाहिजे, निम्म्यांना धबधबा पाहिजे, आणि बऱ्याच जणांना दोन्ही एकाच दिवसात, जेवायच्या आधी पाहिजे. नावं छापत नाही, गावं छापतो.

प्रश्न (परभणी): सर, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण अंदमानला जायचं म्हणायलोत. मी, मिसेस, दोन लेकरं आणि आई (वय ६८, गुडघे दुखतात). सहा दिवस आहेत. लेकरांनी रीलमध्ये जंगलातला धबधबा बघितलाय, तिथं चालत जायचा हट्ट धरलाय. जमंल का?

उत्तर: जमंल, पण सहा दिवसात सगळं नाही जमणार, आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर मला शिव्या नकोत. रीलमधला धबधबा बहुतेक लिटल अंदमानचा असणार. तिथं दोन प्रसिद्ध आहेत, व्हाइट सर्फ आणि व्हिस्पर वेव्ह. हे बेट पोर्ट ब्लेअरच्या (२०२४ पासून श्री विजयपुरम, पण रिक्षावाला अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतो) दक्षिणेला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, सरकारी जहाजानं हट बेच्या जेटीला पोचायला सात-आठ तास धरून चाला, आणि हवा बिघडली की जहाज सुटतच नाही. म्हणजे जाणं-येणं आणि एक जास्तीचा दिवस धरला तर तुमचे तीन-चार दिवस तिकडंच गेले. मग हॅवलॉक (स्वराज द्वीप) आणि नील (शहीद द्वीप) कधी बघणार?

आता दिवाळीचं. आपल्याकडं दिवाळी म्हणजे पाऊस संपला, ज्वारी पेरून झाली, आभाळ मोकळं. तिकडं तसं नाही. अंदमानात मे ते सप्टेंबर एक पावसाळा आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत परतीच्या वाऱ्यांचा दुसरा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आपल्या मराठवाड्याला सातशेच्या आसपास मिळाला तरी आपण पेढे वाटतो. तर दिवाळीत धबधबे फुल असतात हे खरं, पण बंगालच्या उपसागरात काही वळवळलं की फेरी बंद, आणि तुम्ही हॉटेलच्या खोलीत पत्ते खेळत बसणार. माझं मत विचाराल तर जानेवारी. समुद्र शांत असतो, झऱ्यांना अजून पाणी असतं. शाळेची सुट्टी काढावी लागंल, हेडमास्तरांना मी चिठ्ठी देणार नाही.

दिवाळीतच जायचं असेल तर लिटल अंदमान सोडा, हॅवलॉक-नील करा. आणि जानेवारीत आठ-नऊ दिवस काढलेत तर आईला बिनधास्त व्हाइट सर्फला न्या, तो हट बेपासून सहा-साडेसहा किलोमीटरवर आहे, गाडी जवळपर्यंत जाते आणि थोडंच चालावं लागतं. व्हिस्पर वेव्ह लांब आहे, जंगलातून बरंच चालायचं, ते तुम्ही आणि लेकरं करा, आईला बटलर बे बीचवर नारळपाणी घेऊन बसवा. आमच्यासोबत लातूरच्या एक काकू होत्या, व्हाइट सर्फसमोर पाच मिनिटं गप्प उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं पाणी वाया चाललंय की रे." २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना हे वाक्य समजंल. मग त्यांनी पर्समधली रिकामी बाटली काढली अन् भरून घेतली. हॉटेलात येईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या बेटावर खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, पाट्या लावलेल्या आहेत, पाटी दिसली की लेकरांना पाण्यात सोडू नका. आणि ओंगे आदिवासींच्या राखीव भागात जायला बंदी आहे, कुणी "आतून दाखवतो" म्हटलं तर सरळ नाही म्हणा.

प्रश्न (लातूर): आम्ही कॉलेजच्या चार मैत्रिणी हॅवलॉकला जातोय. एलिफंट बीचला बोटीनं जाऊ का ट्रेक करून? घरचे म्हणतात बोटीनं जा, ट्रेकमध्ये काय ठेवलंय.

उत्तर: ट्रेक कर गं, पैसे पण वाचतील. राधानगर बीचकडं जाणाऱ्या रस्त्यावरूनच वाट फुटते, दोनेक किलोमीटर, निवांत चाललं तरी पाऊण तास. पण आधी चौकशी करायची, कारण पावसात ही वाट बंद ठेवतात, आणि चालू असली तरी चिखल असा की आपल्या काळ्या रानात पाऊस पडल्यावर चप्पल जशी एकेक किलोची होते ना, तसंच, फक्त इथं वर झाडांची मुळं पण. हवाई चप्पल नको, मागून पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट घाला.

आणि आता मुख्य गोष्ट, जी मी ह्या कॉलममध्ये अजून दोन-तीनदा सांगणार आहे. निघायच्या आधी भरती किती वाजता आहे ते बघ. ह्या वाटेचा शेवटचा तुकडा खारफुटीतून जातो. आम्ही गेलो तेव्हा पाणी चढत होतं, जाताना पोटरीला लागलं, येताना मांडीला, आणि बॅग डोक्यावर घेऊन आलो. मोबाइलला प्लॅस्टिकची पिशवी होती म्हणून वाचला, सोबतच्या मित्राचा नाही वाचला. दुसरं म्हणजे अंधार. अंदमान आपल्यापेक्षा इतकं पूर्वेला आहे आणि घड्याळ तेच, म्हणून थंडीत पाचच्या सुमारास सूर्य गेलेला असतो. आपण साडेपाचला चहा पिऊन "चला आता फिरू" म्हणतो, तिथं तोवर काळोख. तीनपर्यंत परतीच्या वाटेला लागायचं, सकाळी मात्र सहाला निघता येतं, लख्ख उजेड असतो. बीचवर मोठमोठी आडवी पडलेली झाडं दिसतील, पांढरी पडलेली, २००४च्या सुनामीत पडलेली. फोटो सगळे तिथंच काढतात, काढा, पण शेवाळलेल्या खोडावर उड्या मारू नका.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): आमच्या टूरवाल्यानं नीलला एका दिवसात सात पॉइंट दाखवले आणि त्यातला नॅचरल ब्रिज (खडकाची नैसर्गिक कमान) दाखवलाच नाही, पाणी आहे म्हणाला. फसवलं का आम्हाला?

उत्तर: फसवलं म्हणवत नाही, पण झोपला होता एवढं नक्की. माझं पण हेच झालं म्हणून मनापासून लिहितो. पौर्णिमेचा दुसरा दिवस, ड्रायव्हर म्हणाला दहाला चला, जेवायला वेळेत येऊ. गेलो. नीलवर लक्ष्मणपूर बीचच्या त्या बाजूला सगळं प्रवाळाच्या मेलेल्या खडकाचं मैदान आहे, ओहोटीला ते उघडं पडतं, खळग्यांत पाणी साठतं आणि त्यात छोटे खेकडे, रंगीत मासे, काळे काकडीसारखे समुद्रजीव बघायला मिळतात, त्याच्यावरूनच चालत कमानीपाशी जायचं असतं. आम्हाला दिसलं ते गुडघाभर फेसाळलेलं पाणी. तरीपण शहाणपणा करून पुढं गेलो, घसरलो, तळवा फाटला. प्रवाळाची जखम लवकर भरत नाही, दहा दिवस लंगडलो.

हिशोब अवघड नाही हो. दिवसरात्र मिळून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज वेळ साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी चढतं पण खूप आणि उतरतं पण खूप. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. म्हणजे नॅचरल ब्रिज बघायला अमावस्या-पौर्णिमेचे दिवस उत्तम, फक्त ओहोटीच्या तासाला. मी गेलो तो दिवस बरोबर होता, तास चुकला, चार-साडेचारला गेलो असतो तर कमानीखाली उभा राहिलो असतो. आणि ह्याच्या उलट नीलच्याच भरतपूर बीचवरची काचेच्या तळाची बोट, तिला भरतीचं पाणी लागतं. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ते गणित अंदमानात जसंच्या तसं चालत नाही, प्रत्येक बंदराची वेळ वेगळी, म्हणून तिथलाच तक्ता बघा, मोबाइलवर फुकट मिळतो. बुकिंग करताना टूरवाल्याला एवढंच विचारा, "आम्ही नीलला असू त्या दिवशी ओहोटी किती वाजता?" त्याला सांगता आलं तर ॲडव्हान्स द्या.

सात पॉइंटबद्दल मी काही बोलत नाही. आमच्याकडं साडेतीन शक्तिपीठं सुद्धा लोक दोन दिवसात करतात.

प्रश्न (जालना): पोहता येत नाही, विहिरीत पण कधी उतरलो नाही. स्कूबा करू शकतो का?

उत्तर: हो. नवख्यांचा जो डाइव्ह असतो त्यात ट्रेनर सगळा वेळ पाठीमागून धरून असतो, खोली दहा-बारा मीटरच्या आतच, त्याला पोहणं यायला पाहिजे अशी अट नसते. पण सर्दी असेल तर उतरू नका, कान असा ठणकतो की बस्स. दमा, हार्टचा त्रास, नुकतंच ऑपरेशन असलं काही असेल तर फॉर्मवर खोटं लिहू नका. खाली जाताना नाक दाबून हलकी फुंकर मारायची, कान मोकळे होतात, ते दुखायच्या आधीच करायचं. आणि डाइव्ह झाल्यावर किमान १८ तास विमान नाही, २४ धरलेले बरे, त्यामुळं शेवटच्या दिवशी स्कूबा ठेवू नका. टूरवाले नेमका तिथंच ठेवतात.

स्कूबापेक्षा मला तुमची काळजी राधानगरला वाटते. तो बीच एवढा देखणा आहे (२००४ला टाइम मासिकानं आशियातला सगळ्यात भारी म्हटला होता) की माणूस आत आत जात राहतो. लाटांचं परत जाणारं पाणी कुठं कुठं एकाच पट्ट्यातून जोरात आत ओढतं, तिथं लाटा फुटत नाहीत म्हणून ती जागा उलट शांत वाटते आणि न पोहणारा नेमका तिथंच उभा राहतो. ओढ लागली तर किनाऱ्याकडं झटापट करू नये, दम जातो, किनाऱ्याला समांतर सरकायचं आणि हात वर करून बोंब मारायची. तुम्ही तर कमरेच्या वर जाऊच नका, आणि लाइफगार्ड दिसतोय तिथंच.

प्रश्न (बीड): पासपोर्ट नवा काढलाय. मे महिन्यात श्रीलंकेला बीच आणि धबधबे, दोन्ही?

उत्तर: मे मध्ये दक्षिण-पश्चिम किनारा, म्हणजे मिरिसा, उनावटुना वगैरे, तिथं पावसाळा चालू होतो, समुद्र खवळलेला. पण बेट छोटं असून त्याला दोन पावसाळे आहेत आणि ते आलटून-पालटून पडतात, तेव्हा मेमध्ये पूर्वेला जा, त्रिंकोमाली, पासिकुडा, अरुगम बे. धबधब्यांसाठी मधला डोंगराळ भाग. एल्लाजवळ रावण एल्ला अगदी रस्त्याला लागून, गर्दी आणि माकडं दोन्ही भरपूर. दियालुमा २२० मीटरचा, त्याच्या वर चढून जाता येतं आणि वर पाण्याची कुंडं आहेत, पोहायला मस्त. तुमच्या सौताड्याला पावसाळ्यात लोक कड्याच्या टोकाला जाऊन सेल्फी काढतात ना, ते तिथं करू नका, पाण्यानं गुळगुळीत झालेला दगड आहे आणि खाली २२० मीटर. सगळ्यात उंच बांबरकंद, २६३ मीटर. जंगलात जळवा असतात, मीठ किंवा लिंबू सोबत ठेवा, ओढून काढू नका.

प्रश्न (हिंगोली): शंख-शिंपले आणले तर चालतात का?

उत्तर: नाही. प्रवाळ आणि बऱ्याच जातीचे शंख १९७२च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत, एअरपोर्टवर बॅग उघडून काढून घेतात आणि वर केस होऊ शकते. बीचवर सापडलेला मेलेला तुकडा सुद्धा नको.

प्रश्न (किनवट): एवढं लांब जाऊन धबधबा बघायचा? आमचा सहस्रकुंड काय वाईट आहे?

उत्तर: काहीच वाईट नाही, पैनगंगा भरून वाहत असताना सहस्रकुंडचा आवाज लांबून ऐकू येतो, मी दोनदा आलोय. आणि खरं सांगू का, बेटावरच्या धबधब्यात कसं वागायचं हे मला तिथंच कळलं. एका जुन्या माणसानं दाखवलं होतं: पाण्याचा रंग बघ, स्वच्छ पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून यायला लागली की इथं ऊन असलं तरी वर कुठंतरी पडलाय, तेव्हा चप्पल-कपडे काही गोळा करत बसायचं नाही, सरळ वर चढायचं. व्हिस्पर वेव्हला आमच्या गाइडनं हीच खूण सांगितली, बंगालीमिश्रित हिंदीत.

प्रश्न (धाराशिव): धपाटे टिकतील का?

उत्तर: दोन दिवस. तिसऱ्या दिवशी दमट हवेनं वास मारायला लागतात, आमचे हॅवलॉकच्या फेरीतच फेकावे लागले. शेंगाची चटणी न्या, ती आठ दिवस टिकते आणि तिथल्या भातावर पण चालते. फेरीत बसायच्या अर्धा तास आधी उलटीची गोळी घ्या, चटणी नंतर.