पोलो की स्विफ्ट? आधी कार्डाचं बिल काढा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी २६ वर्षांचा, मूळचा नाशिकचा, हिंजवडीत नोकरी. पगार हातात ५२ हजार. गाडी चालवायची मनापासून आवड आहे. घरी जाताना चंदनापुरी घाटात आपली स्वतःची गाडी असावी असं फार वाटतं. दोन गाड्या बघून ठेवल्यात. २०१६ ची पोलो जीटी टीएसआय, ७२ हजार किलोमीटर झालेली, पावणेसहा लाखांना. आणि २०१८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, ४ लाख ९० हजारांना. डाउन पेमेंटसाठी १ लाख जमवलेत, ते बचत खात्यात आहेत. बाकीचं कर्ज १४ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी मिळतंय. पोलो आता बनत नाही, त्यामुळे तिची किंमत पडणार नाही, म्हणजे ती गुंतवणूकच आहे, असं मित्र म्हणतो. कोणती घेऊ? बाबांच्या नावावर घेतली तर विमा स्वस्त पडेल का? भाडं १२ हजार, मेस ५ हजार, घरी ८ हजार देतो. गेल्या वर्षी बँकेतल्या मॅडमनी एफडीसारखी पॉलिसी दिली: वर्षाला १ लाख, १२ वर्षं, विसाव्या वर्षी दुप्पट. यंदाचा हप्ता क्रेडिट कार्डवर भरला. कार्डवर १ लाख १५ हजार बाकी आहे, पण मिनिमम ड्यू वेळेवर भरतोय.

उत्तर:

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य शेवटचं आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय. म्हणून सुरुवात तिथूनच करतो. गाडीकडे नंतर येऊ.

कार्डाचं या महिन्याचं स्टेटमेंट उघडा. व्याजदर बहुधा महिन्याला साडेतीन टक्के दिसेल. १ लाख १५ हजारांवर महिन्याचं व्याज झालं ४ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी ७२५ रुपये. म्हणजे जवळपास पावणेपाच हजार. मिनिमम ड्यू पाच टक्के धरला तर तुम्ही भरता ५,७५०. त्यातले मुद्दलात जातात जेमतेम हजार रुपये. वर्षाला जीएसटीसकट हा दर पन्नास टक्क्यांना टेकतो. शिवाय आधीची बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. काल कार्डावर भरलेल्या पेट्रोलवरसुद्धा कालपासूनच व्याज लागतंय. मिनिमम ड्यू भरल्याने लेट फी टळते आणि क्रेडिट स्कोअरवर पैसे थकवल्याची नोंद होत नाही. कर्ज फिटत नाही.

आणि त्याच वेळी तुमच्या बचत खात्यात १ लाख रुपये तीन टक्क्यांच्या आसपास पडून आहेत! हे पत्र वाचून होताच ते कार्डात भरा. उद्यावर टाकू नका. उरलेले १५ हजार आणि त्यावरचं व्याज पुढच्या पगारात संपवा. डाउन पेमेंट गेलं याचं वाईट वाटेल, मला कळतं, कारण ते तुम्ही एकेक हजार बाजूला ठेवून जमवलंय. पण ते पैसे त्या खात्यात राहिले तर दर महिन्याला चार हजारांचं नुकसान करत राहतील.

आता पॉलिसी. 'एफडीसारखी' विमा पॉलिसी असा प्रकार नसतो. एफडी मोडली तर थोडं व्याज कापून मुद्दल परत मिळतं. या पॉलिसीत पहिल्या काही वर्षांत मुद्दलही पूर्ण परत मिळत नाही. असा शब्द वापरून २५ वर्षांच्या मुलाला वर्षाला लाखाचा हप्ता गळ्यात बांधणं ही फसवणूक आहे, आणि ती फसवणूक बँकेच्या काउंटरवरून झाली म्हणून सौम्य होत नाही. तुमचा पगार ५२ हजार. वर्षाला दोन पगार बारा वर्षं बांधून टाकताना कोणीतरी तुम्हाला विचारायला हवं होतं की हप्ता भरणार कुठून. यंदा त्याचं उत्तर मिळालं: कार्डावरून.

'दुप्पट' हा शब्द कानाला गोड लागतो म्हणून हिशेब मांडतो. बारा वर्षांत १२ लाख भरून विसाव्या वर्षी २४ लाख मिळाले, तर परतावा पडतो वर्षाला पाच टक्क्यांच्याही किंचित आत. हेच बारा हप्ते पीपीएफमध्ये गेले असते, तर एप्रिल २०२० पासून चालू असलेल्या ७.१ टक्क्यांनी विसाव्या वर्षी साधारण ३३ लाख झाले असते. पन्नास टक्क्यांचं कर्ज काढून तुम्ही पाच टक्क्यांची गुंतवणूक केली आहे.

मग पुढे काय? फ्री लूकची, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करायची, ३० दिवसांची मुदत गेली. पण १ ऑक्टोबर २०२४ पासून सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडून पैसे घेण्याचे, नियम बदलले आहेत, आणि तुमची पॉलिसी त्यानंतरची आहे. आता एक वर्षाचा हप्ता भरला तरी विशेष सरेंडर मूल्य मिळतं. तुमचे २ लाख गेलेत. बारातले दोन हप्ते म्हणजे पेड-अप रक्कम, म्हणजे पुढचे हप्ते न भरताही मुदतीअखेर मिळणारी रक्कम, साधारण ४ लाख, तीही विसाव्या वर्षी. तिचं आजचं मोल माझ्या अंदाजाने १ लाख १० ते २० हजारांच्या दरम्यान यावं. कंपनीकडून सरेंडरचा आकडा आणि पेड-अपचा आकडा, दोन्ही लेखी मागवा. तोंडी आकड्यावर सही करू नका.

'८० हजार बुडतील' म्हणून लोक तिसरा हप्ता भरतात, मग चौथा. ते पैसे बुडून झालेत. प्रश्न आता फक्त पुढच्या १० लाखांचा आहे. पॉलिसी पेड-अप करून हेच दहा हप्ते पीपीएफमध्ये भरलेत, तर विसाव्या वर्षी तिथले २६ लाख आणि पॉलिसीचे ४, मिळून ३० लाख. हप्ते भरत राहिलात तर २४. तुमच्याकडे अडीनडीला एक रुपया उरणार नाही, म्हणून मी सरेंडर करा म्हणेन. येणारे लाख-सव्वा लाख एफडीत ठेवा आणि त्यांना हात लावू नका. आई-बाबांचा मेडिक्लेम नसेल तर मला कळवा, कारण मग क्रम बदलेल.

सरेंडरच्या आधी एक काम मात्र करा. मॅडमनी व्हॉट्सॲपवर 'एफडीसारखी' असं लिहून पाठवलं असेल तर ते मेसेज जपून ठेवा आणि विमा कंपनीकडे चुकीच्या विक्रीची लेखी तक्रार नोंदवा. महिनाभरात समाधानकारक उत्तर आलं नाही तर पुण्यातच विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. पूर्ण २ लाख परत मिळतीलच असं नाही, पण लेखी पुरावा असेल तर प्रयत्न जरूर करावा.

आता गाडी. आजच्या तुमच्या खर्चात ती बसत नाही. भाडं, मेस, घर, कार्ड आणि पॉलिसीच्या हप्त्याचा महिन्याचा वाटा धरून ३९ हजार जातात. दुचाकी, फोन, कपडे यांचे ५ हजार धरा. उरतात ८ हजार. पोलोचा ईएमआय ११ हजार. महिन्याला ८०० किलोमीटर, शहरात लिटरला १२ चा ॲव्हरेज, म्हणजे पेट्रोल ७ हजार. विमा, सर्व्हिस, टायर, पार्किंग मिळून आणखी साडेचार. एकूण साडेबावीस हजार. या गणितात बसवायला पगारवाढीची आशा धरू नका. वाढ झाली की तेव्हा बघू.

पण कार्ड फिटलं आणि हप्ता थांबला की महिन्याला २२ हजार मोकळे होतात. त्यातले १८ हजार बाजूला टाका. वर्षभरात सव्वादोन लाखांच्या जवळ पोचाल. मग साडेचार लाखांपर्यंतची गाडी, दोन लाख रोख, उरलेल्याचं तीन वर्षांचं कर्ज, साडेआठ हजारांच्या आत-बाहेर ईएमआय. हे जमतं.

आणि ती स्विफ्ट असू दे. पोलो जीटी टीएसआय चालवायला फार छान गाडी आहे, १०५ पीएस आणि १७५ एनएमचा टर्बो घाटात काय करतो हे मी नाकारत नाही. पण २०१६ च्या गाडीत सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आहे. हिंजवडी-वाकडच्या रांगेत तो अर्ध्या क्लचवर तापतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर जाणवली की समजावं. त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा कंट्रोल, बदलायची वेळ आली तर बिल लाखाच्या घरात जातं, म्हणजे तुमचे दोन पगार. पोलो २०२२ मध्ये बंद झाली हे खरं, पण गिअरबॉक्स ठणठणीत असेपर्यंतच तिला भाव आहे. दर महिन्याला खर्च मागणाऱ्या वस्तूला गुंतवणूक म्हणू नये. स्विफ्टचं इंजिन ८३ पीएसचंच, पण गाडी पावणेनऊशे किलोच्या आसपास. चंदनापुरीत दुसरा-तिसरा गिअर हाताने खेळवत चढाल तेव्हा काही कमी वाटणार नाही, आणि दुरुस्ती संगमनेरच्या गॅरेजमध्येही होईल.

४ लाख ९० हजार मात्र जास्त वाटतात. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, नव्या स्विफ्टच उतरल्या, तर जुन्यांनी उतरायलाच हवं. गाडी बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, थकलेली ई-चलानं, आणि २०१८ ची गाडी म्हणून एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट, हे पैसे देण्याआधी तपासा.

विम्याचं उत्तर सोपं आहे. आपल्याकडे प्रीमियम चालकाच्या वयावर नाही, गाडीवर ठरतो. दोन्ही इंजिनं ११९७ सीसीची, त्यामुळे थर्ड पार्टीचा दरही सारखाच. बाबांच्या नावावर घेतली तर गाडीमालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण त्यांना लागू होईल, रोज चालवणाऱ्या तुम्हाला नाही. गाडी स्वतःच्याच नावावर घ्या.

कार्ड भरल्याची पावती नको, पण पॉलिसी बाँडमधलं सरेंडर मूल्याचं कोष्टक असलेलं पान आणि कंपनीचं लेखी उत्तर आलं की दोन्ही मला पाठवा. सरेंडरचा आकडा ९० हजारांच्या खाली दिला असेल तर सही करण्याआधी पाठवा.