कासवांसाठी काम करायचंय? मग मत्स्यशास्त्राचा विचार कर

प्रश्न : मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावात राहते, अकरावी सायन्सला आहे. आमची मासेमारीची होडी आहे. मला समुद्री कासवांच्या संवर्धनात काम करायचं आहे आणि त्यासाठी पुण्याला प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करावं असं वाटतं. बाबा म्हणतात, "कासवापायी जाळं फाटलं तर भरून कोण देणार? आणि या कामात पोट भरतं का?" मी काय करू?

उत्तर : बाबांचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि पहिल्या प्रश्नातच तुझं करिअर आहे. कासवांवर अभ्यास करायला उत्सुक असलेली बरीच मुलं मला भेटतात. जाळं, डिझेल, बर्फ आणि लिलावातला भाव कळणारी फार थोडी. तुला ते घरातच कळलंय. म्हणून प्राणिशास्त्राऐवजी रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथल्या चार वर्षांच्या बी.एफ.एस्सी.चा, म्हणजे मत्स्यशास्त्राच्या पदवीचा, विचार आधी कर. मत्स्यजीवशास्त्राबरोबर जाळ्यांचं तंत्र, मत्स्यशेती, मासेमारीचं अर्थशास्त्र आणि विस्तारकार्य, म्हणजे हे ज्ञान मच्छीमारांपर्यंत पोचवणं, असं सगळं त्यात येतं. जीवशास्त्र सोडू नकोस, सीईटीच्या तयारीला लाग.

जाळ्याच्या भरपाईचं म्हणशील, तर राज्यात डिसेंबर २०१८ पासून त्यासाठी योजना आहे. कासव, डॉल्फिन, देवमासा असे संरक्षित जीव जाळ्यात अडकले आणि मच्छीमाराने जाळं कापून त्यांना समुद्रात सोडलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो काढावे लागतात. बाबांना हे ठाऊक नसेल तर आजच सांग. योजना कागदावरून होडीपर्यंत पोचवणं हेही संवर्धनाचंच काम आहे, आणि ते करायला माणूस गावातलाच हवा.

ट्रॉलरचा प्रश्न याहून मोठा आहे. कासवाला निसटता येईल अशी चौकट, म्हणजे टेड, आपल्या ट्रॉलरच्या जाळ्यांना सर्रास लावली जात नाही, म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं. त्याचा फटका कोळंबीच्या भावाला बसतो. केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने आपल्याकडच्या जाळ्यांसाठी टेड तयार केलं आहे. अडचण आहे ती भरवशाची. चौकटीतून मालही जाईल, ही मच्छीमारांना वाटणारी भीती खोटी म्हणून उडवून लावता येत नाही. त्यांच्याच होडीवर जाऊन, टेड लावलेल्या आणि न लावलेल्या अशा दोन्ही जाळ्यांतला माल त्यांच्यासमोर मोजून दाखवावा लागतो. असं काम करणारी मुलगी मच्छीमाराच्या घरातली असेल, तर तिचं ऐकून घेतलं जाईल.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं उदाहरण तुझ्या जवळचंच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथली कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, पुढे कासव महोत्सव उभा राहिला आणि गावातल्या घरांत पाहुणे राहू लागले. मला या कामाचं मनापासून कौतुक आहे. पण हा हंगाम मोजक्या आठवड्यांचा. ज्याच्याकडे खोली रिकामी आहे त्याला पैसे मिळतात, रात्री समुद्रावर असणाऱ्याला मिळतीलच असं नाही. त्याच्यापर्यंत हा वाटा कसा पोचवायचा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. राज्याच्या वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेत खेकडे, कालवं, शिणाणे (एक प्रकारचे शिंपले), जिताडा मासा यांची शेती आहे, तिथेही मत्स्यशास्त्र शिकलेली माणसं लागतात.

पदवीनंतर वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेत मत्स्य अर्थशास्त्र किंवा विस्तारशिक्षणात एम.एफ.एस्सी. करता येईल. तेव्हाही कासवांचं विज्ञानच खुणावत असेल, तर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची वाट आहेच. तिथे प्रवेश मोजक्यांनाच मिळतो, म्हणून सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नकोस.

आता पोटाचं. संवर्धन संस्थांमधल्या नोकऱ्या बहुतेक प्रकल्पापुरत्या, करारावरच्या असतात. प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. हे बाबांपासून लपवू नकोस. बी.एफ.एस्सी. असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या परीक्षा, बँकांमधली कृषी क्षेत्र अधिकाऱ्याची पदं, कोळंबी प्रकल्प, स्वतःची मत्स्यशेती हे पर्याय हाताशी राहतात. नुसत्या प्राणिशास्त्राच्या पदवीवर यातले बरेच मिळत नाहीत.

या हंगामात एक वही ठेव. बाबा किनाऱ्याला लागले की किती माल आला, कोणत्या जाळ्यात, काय भाव मिळाला, कासव दिसलं का, एवढं रोज लिही. आणि एकदा त्यांना घेऊन शिरगावचं महाविद्यालय बघून ये. तिथल्या प्राध्यापकांना जाळ्याचा प्रश्न त्यांनीच विचारू दे.