मोटर विकत आणण्याआधी एकदा लिंकेज सोडवून बघा

तुमची २००३ची मारुती ८००. मागच्या पावसाळ्यातच वायपर सुस्त झाले होते आणि यंदा पहिल्याच सरीत मानेवाडा चौकात काचेच्या मधोमध अडकून बसले. दोनदा फ्यूज उडाला. एरवीही बटण बंद केलं की वायपर मधेच कुठेही थांबतात, खाली येत नाहीत. इलेक्ट्रिशियन म्हणतो, "मोटर गेली भाऊ, नवीनच टाका." आणि तुम्ही विचारताय, टाकू का?

नका टाकू. निदान हा रविवार जाऊ द्या.

मी ही चूक २००९ साली पैसे मोजून केलेली आहे. माझ्याही आठशेचे वायपर असेच रडत चालायचे. नवीन मोटर बसवली, चार दिवस छान चालली, पाचव्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. मग एकदा अमरावती रोडवर, कोंढाळीच्या पुढे, धो धो पावसात दोन्ही वायपर मेले. मोटरचा आवाज येतोय, दांडे जागचे हलत नाहीत. खाली उतरून हाताने ढकलले तर दांडे सहज इकडून तिकडे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मोटरला वायपर जोडलेले असतील तर ते हाताने असे फिरूच शकत नाहीत, कारण मोटरच्या आत वर्म गियर असतो आणि तो उलटा फिरत नाही. म्हणजे लिंकेजचा (मोटरची ताकद दांड्यांपर्यंत नेणाऱ्या पट्ट्यांचा) बुश, म्हणजे सांध्यातली प्लास्टिकची वाटी, निघाला होता. दोन्ही दांड्यांना सुतळी बांधली, एक टोक माझ्या खिडकीतून आत, दुसरं बायकोच्या. मी ओढायचो, मग ती ओढायची. कारंज्यापर्यंत असे गेलो. ती आजही पाऊस आला की सुतळी घेतली का विचारते.

आता तुमच्या गाडीचं. लक्षणांचा क्रम बघा: आधी सुस्त, मग अडकणं, मग फ्यूज. मोटरचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे तुकडे) झिजले असते तर ती गपगार पडली असती, वर दोन टपला मारल्यावर पुन्हा सुरू झाली असती. सहसा फ्यूज उडत नाही तेव्हा. फ्यूज उडतो तो मोटर जोर लावतेय आणि समोरचं काही हलत नाहीये म्हणून. अडकलेली मोटर चालत्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. त्यामुळे माझा पहिला संशय स्पिंडलवर आहे. स्पिंडल म्हणजे काचेखालच्या पत्र्यातून वर येणाऱ्या त्या दोन खुंट्या, ज्यांवर वायपरचे दांडे बसतात.

आपल्या नागपुरात हे दुखणं जरा जास्तच होतं, असं माझं मत आहे. दिवाळीपासून मृगापर्यंत सात-आठ महिने वायपरला कोणी हात लावत नाही. मधे येतो आपला उन्हाळा. २३ मे २०१३ला तर पारा ४७.९ला पोचला होता. सावलीत एवढं, तर बॉनेटच्या पत्र्याखाली काय असेल ते समजून घ्या. स्पिंडलमधल्या ग्रीसचं तेल उडून जातं आणि मागे उरतो मेणासारखा चिकट थर. त्यात गाडी कडुलिंबाखाली लावत असाल तर फाल्गुनातली सगळी पानगळ काचेखालच्या जाळीतून आत जाते, पाणी जायची भोकं बुजतात आणि पहिल्या पावसाचं पाणी तिथेच साचून राहतं. लोखंडी खुंटीला गंज, भोवतीच्या ॲल्युमिनियमला पांढरी पूड, दोन्ही मिळून घट्ट मिठी.

काम असं करा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. हे टाळू नका. वायपरचा क्रँक (मोटरवरची फिरती आखूड पट्टी) अचानक फिरला तर बोट सोडत नाही. दांडे काचेवर जिथे टेकलेत तिथे टेप लावून खूण करा. टोप्या काढून नट सोडा आणि दांडा दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे डोलवत वर घ्या. स्क्रूड्रायव्हर काचेवर टेकवून उचकटायचं नाही, काच गेली तर मोटर स्वस्त वाटेल. निघतच नसेल तर बुडाशी कढत पाणी ओता (काचेवर नको, ती तडकेल), पाच मिनिटं थांबा. दांडा वर उचलून ठेवलात तर काचेवर जाड फडकं घाला, कारण स्प्रिंगने तो परत आदळतो.

मग जाळी काढा. आत वाकून बघाल तर मोटरचा क्रँक आणि त्याला जोडलेल्या पट्ट्या दिसतील. क्रँकच्या गोळीवर पट्टीचा प्लास्टिकचा बुश दाबून बसवलेला असतो. चपटा स्क्रूड्रायव्हर घालून तेवढा एक सांधा सोडवा. क्रँकचा नट मात्र सोडू नका, आणि सोडावाच लागला तर आधी पेंटने खूण करा. तो उलटा बसला की वायपर खाली झोपायच्या ऐवजी काचेच्या वरच्या टोकाला जाऊन उभे राहतात. लोक मग महिनाभर वायरिंग तपासत बसतात.

सांधा सुटला की खरी परीक्षा. दोन्ही स्पिंडल हाताने फिरवून बघा. दोन बोटांनी फिरायला हवेत. पक्कड लागली तर चोर सापडला. आता हात बाजूला घेऊन बॅटरी जोडा आणि नुसती मोटर चालवा. ती हलकी, एकसारखी फिरली, दोन्ही स्पीड वेगळे कळले आणि बटण बंद केल्यावर दर वेळी एकाच जागी थांबली, तर मोटर तंदुरुस्त आहे. इलेक्ट्रिशियनला चहा पाजा आणि घरी पाठवा.

स्पिंडलच्या वरच्या टोकाला सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी), वॉशर आणि रबरी रिंग असते. सर्क्लिप काढली की खुंटी खालून बाहेर येते. जाम असेल तर रात्रभर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी थोडी फिरवा, पुन्हा मारा. हातोडीने ठोकायचा मोह आवरा, ॲल्युमिनियम चटकन फुटतं. खुंटी रॉकेलने धुऊन बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, आतलं भोक कापडाच्या वातीने साफ करा आणि लिथियम ग्रीस भरून बसवा. नुसत्या स्प्रेवर भागवू नका. स्प्रे सुटका करतो, वंगण म्हणून टिकत नाही. इंजिन ऑइल टाकलंत तर धूळ धरून दिवाळीपर्यंत पुन्हा जैसे थे. खोबरेल तेल टाकणारेही भेटलेत मला. थंडीत ते डब्यात गोठतं, तसंच तिथेही गोठतं, एवढंच सांगतो.

बुश हलत असेल, म्हणजे पट्टी गोळीवर खडखडत असेल, तर नवा टाका. त्यावर तार गुंडाळणं, एम-सील भरणं, केबल टाय आवळणं हे सगळं मी केलंय. घरी पोचण्यापुरतं ठीक आहे. नवा बुश आधी उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं ठेवा, मऊ पडतो, मग पकडीने दाबला की गोळीवर टक्कन बसतो. थंड बुश ठोकून बसवलात तर चिरतो आणि ते पुढच्या पावसातच कळतं. आठशेचं पूर्ण लिंकेजही मिळतं. चारही बुश ढिले असतील तर तेच घ्या, एकेका बुशच्या मागे लागू नका.

आता समजा मोटर एकटीसुद्धा सुस्त फिरतेय. तरी लगेच हार मानू नका. इंजिन चालू ठेवून मल्टीमीटरने मोटरच्या प्लगवर व्होल्टेज बघा. बॅटरीवर १४च्या आसपास आणि मोटरवर ११ असेल तर तीन व्होल्ट वाटेत कुठे तरी सांडताहेत. बहुतेक वेळा अर्थिंगला. मोटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हला एक जाड वायर तात्पुरती लावा. वेग वाढला तर बोल्टखालचा गंज घासून काढा, काम संपलं. फक्त फास्टवर चालते आणि स्लोवर नाही, असं असेल तर बटणाचा संपर्क किंवा स्लोचा कार्बन गेलाय. वाइंडिंगवाला नवा कार्बन बसवून देतो.

वायपर मधेच कुठेही थांबतात, खाली येत नाहीत, हेही तुम्ही लिहिलंय. स्पिंडल मोकळे करूनही ते राहिलं तर मोटरच्या गियरचं झाकण उघडा. आत गियरवर तांब्याची चकती असते, तिला एका जागी खाच असते आणि तिच्यावर पातळ पत्तीचे संपर्क घासत जातात. तुम्ही बटण बंद केलं तरी खाच येईपर्यंत याच वाटेने मोटरला वीज मिळत राहते, म्हणून वायपर खाली येऊन झोपतात. चकती काळी पडली की ही वाट बंद. बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा, पत्ती किंचित वाकवून दाब वाढवा. गियर प्लास्टिकचा असेल तर दातही बघून घ्या. दात गेले असतील तर मात्र मोटर बदलण्याला माझी हरकत नाही.

जोडताना एकच काळजी. दांडे लावण्याआधी मोटर एकदा चालवून बंद करा, तिला तिच्या जागी थांबू द्या, मग टेपच्या खुणेवर दांडे बसवा. खुंटीवरचे दाते तारेच्या ब्रशने साफ करा आणि नट नीट आवळा, नाहीतर पावसात खुंटी फिरेल आणि दांडा बघत बसेल. पहिली चाचणी काच ओली करूनच घ्या. कोरड्या, धुळकट काचेवर चालवलंत तर नव्या कामाचा सगळा भार पुन्हा मोटरवर, आणि काचेवर ओरखडे ते वेगळेच.

आणि हो, दुसऱ्यांदा फ्यूज बदलताना इलेक्ट्रिशियनने कितीचा घातला ते आज रात्रीच बघा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर आधी तो काढा आणि स्टीअरिंगखालची वायपरची वायर कुठे मऊ पडली आहे का, ते चाचपून इथे कळवा.