लातूरहून पुण्याला मुलाखतींना जावं लागतं. इंग्रजीचं व्याकरण पक्कं आहे, तरी मुलाखतीत 'फ्लुएन्सी कमी' असा शेरा येतो. बोलण्याचा वेग वाढवू का?

नुसता वेग वाढवू नका, त्यानं बहुतेकदा बिघडतं. लातूरहून पुण्याला मुलाखतींना जाता असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तसंच उदाहरण घेतो.

बोलताना सगळेच थांबतात, ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही. ऐकणाऱ्याला खटकते ती थांबण्याची जागा. उपवाक्य संपवून अर्धा-पाऊण सेकंद थांबलात तर माणूस विचार करून बोलतोय असं वाटतं. तेवढंच 'आय वर्क्ड इन अ...' इथं थांबलात तर याला शब्द सापडेना, असं वाटतं. अभ्यासक साधारण 250 मिलिसेकंदांपासून पुढची शांतताच विराम धरतात. त्याहून छोटी फट तर प, त, क उच्चारतानाही पडते, तिची काळजी नको.

आपली खरी अडचण कर्त्यानंतर येते. 'मी मागच्या वर्षी एमआयडीसीत सहा महिने काम केलं' यात क्रियापद शेवटी, तोवर जुळवाजुळव करायला सवड मिळते. इंग्रजीत 'आय' म्हटलं की लगेच क्रियापद लागतं. मनात मराठी वाक्य रचून भाषांतर करणारा नेमका तिथं अडकतो, आणि घाई केली की उरलीसुरली सवडही जाते.

एक तपासणी करा. 'मोंढ्यात सोयाबीन कसं विकलं जातं' यावर मोबाइलवर रेकॉर्ड करत दोन मिनिटं आधी मराठीत, मग इंग्रजीत बोला. दोन्ही लिहून काढा आणि थांबलात तिथं तिरकी रेघ मारा. उपवाक्याच्या आतल्या रेघा तेवढ्या मोजा. मराठीतही तितक्याच निघाल्या तर ती तुमची बोलण्याची ढब आहे, इंग्रजीला दोष देऊ नका.

इंग्रजीतच जास्त निघाल्या तर तोच विषय तीन वेगवेगळ्या जणांना सांगा: पहिल्याला 4 मिनिटांत, दुसऱ्याला 3, तिसऱ्याला 2. मजकूर तोच राहतो, त्यामुळे काय बोलायचं याचा भार उतरतो आणि वेग आपोआप येतो. माणूस बदलायचाच, त्याच मित्राला तिसऱ्यांदा सांगताना तुम्हीच कंटाळून मजकूर गाळाल. सोबत 'आय वॉज रिस्पॉन्सिबल फॉर', 'द मेन रीझन वॉज' असे दहा-पंधरा तुकडे एका दमात म्हणायची सवय लावा. श्वास तुकड्याच्या आधी घ्या, मध्ये नको.

'अं' पूर्ण बंद करायच्या मागं लागू नका. उत्तराच्या सुरुवातीला एखादा चालतो. अख्खं उत्तर पाठ करणं मात्र टाळा: पाठ केलेलं धडाधड येतं, उपप्रश्न आला की गाडी अडते, आणि दोन्हींतला फरक मुलाखत घेणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो.