स्टॉकहोममध्ये दोन दिवस, दोन मुलं आणि आजी : काय बघावं, काय सोडावं?

तुमचा प्रश्न असा आहे : फ्रँकफर्टहून शुक्रवारी रात्री पोचायचं, रविवारी रात्री परतायचं. बरोबर आठ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि नाशिकहून आलेल्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, आणि घर शाकाहारी. यादीत चौदा ठिकाणं झाली आहेत, त्यांतली कोणती ठेवावीत?

मी नऊ वर्षं स्टॉकहोममध्ये राहते आणि माझं उत्तर आहे, दोनच ठेवा. शनिवारी युरगोर्डन, म्हणजे संग्रहालयांचं बेट, रविवारी गामला स्तान, म्हणजे जुनं शहर. शहर चौदा बेटांवर वसलेलं आहे, तेव्हा हिशोब सोपा : दिवसाला एक बेट.

हे मी अनुभवानं सांगते. आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा मी एका शनिवारी सहा ठिकाणं ठरवली होती. दुपारी तीनच्या सुमारास जुन्या शहराच्या दगडी गल्लीत आई एका पायरीवर बसली आणि म्हणाली, "तू बघून ये, मी इथंच बसते." तिला त्या दिवसातलं आज काहीही आठवत नाही. दुसऱ्या भेटीत आम्ही दिवसभरात फक्त एक जहाज बघितलं. त्याबद्दल बाबा अजून बोलतात.

ते जहाज म्हणजे वासा, आणि शनिवारची सकाळ मी त्यालाच देईन. १० ऑगस्ट १६२८ रोजी हे नवंकोरं युद्धनौकेचं धूड पहिल्याच सफरीला निघालं. वरच्या बाजूला दोन मजले तोफा, एकूण ६४, आणि खाली जहाज स्थिर ठेवायला पुरेसा भार नाही. निघण्याआधी चाचणी म्हणून तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवलं होतं. जहाज इतकं डोलू लागलं की तीन फेऱ्यांतच चाचणी थांबवली, आणि तरीही ते सफरीवर पाठवलं. जेमतेम तेराशे मीटर गेलं असेल, वाऱ्याचा झोत आला, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं आणि सगळं शहर काठावर उभं असताना ते बुडालं. ३३३ वर्षांनी, १९६१ साली, ते वर काढलं. आज समोर जे लाकूड दिसतं त्यातलं ९८ टक्के मूळचंच आहे.

आमचं गाव हर्णै. पावसाळ्यात होड्या ओढून शाकारून ठेवायच्या, लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून त्यांना जपायचं, हे बाबांनी लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे ते आत शिरले आणि पहिला प्रश्न त्यांनी हाच विचारला, "समुद्रात तीनशे वर्षं राहिलं, मग किड्यानं खाल्लं कसं नाही?" कारण बाल्टिकचं पाणी फार कमी खारं आहे, तो किडा इथं तगत नाही. हे कळल्यावर बाबांनी हात मागे बांधून, खालच्या मजल्यापासून वरच्यापर्यंत, ते जहाज पुन्हा पहिल्यापासून बघितलं. तुमच्या सासूबाईंना हे सगळं आत जायच्या आधी गोष्टीसारखं सांगा, मुलांनाही. गोष्ट ठाऊक असली की चार वर्षांचं मूलही झरोके मोजत बसतं. आत लिफ्ट आहे, बसायला बाकं आहेत. लाकूड टिकावं म्हणून उजेड मंद आणि हवा गार ठेवतात, तेव्हा आजींना स्वेटर द्या. अठरा वर्षांखाली तिकीट नाही. दार उघडल्या उघडल्या पोचा, अकरानंतर बसभर माणसं उतरतात.

युरगोर्डनला जायचं मात्र बोटीनं. जुन्या शहराला लागून असलेल्या स्लुसेनहून ८२ क्रमांकाची फेरी सुटते, ती शहर वाहतुकीच्या, म्हणजे एसएलच्या, नेहमीच्या तिकिटात येते. दहा-पंधरा मिनिटांत राजवाडा, जुनं शहर, बेटं, सगळं पाण्यावरून दिसतं. यादीत जी महागडी नौकाविहाराची सहल आहे ती यामुळे खुशाल काढून टाका. येताना सात नंबरच्या ट्रामनं थेट मध्यवर्ती स्टेशनाजवळ या, म्हणजे आजींना चालावं लागणार नाही.

दुपारी हवा चांगली असेल तर स्कान्सेन. १८९१ साली आर्टुर हाझेलियुस नावाच्या माणसानं हे उघड्यावरचं संग्रहालय सुरू केलं. कारखाने आले, खेडी रिकामी होऊ लागली, तेव्हा त्यानं देशभरातली जुनी घरं उचलून इथं आणून पुन्हा उभी केली. काच फुंकणारे, पाव भाजणारे कारागीर काम करताना बघायला मिळतात. वरच्या अंगाला अस्वलं, लांडगे, रेनडिअर आणि मूस नावाचं प्रचंड हरण. मूस पहिल्यांदा बघणारं मूल गप्प होतं, इतका तो मोठा असतो. जागा टेकडीवर आहे, म्हणून मुख्य दारानंच जा, तिथं सरकता जिना आहे. सगळं फिरायचा प्रयत्न करू नका, प्राणी आणि चार घरं पुरेत. पाऊस लागला तर स्कान्सेन सोडून यूनिबाकेनला जा. वासापासून ते पाच मिनिटांवर आहे. स्वीडिश बालकथांतल्या प्रसंगांमधून एक छोटी गाडी मुलांना तरंगत नेते. तुमच्या चार वर्षांच्या मुलाला कदाचित हेच सगळ्यात जास्त आवडेल.

तारखेबद्दल एक महत्त्वाचं. तुम्ही "जूनचा तिसरा-चौथा आठवडा" म्हटलंय. १९ ते २५ जूनच्या दरम्यान जो शुक्रवार येतो ती इथल्या मिडसमरची, म्हणजे उन्हाळ्याच्या मध्यावरच्या मोठ्या सणाची, पूर्वसंध्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी लोक गावी जातात, बरीच दुकानं आणि खाणावळी बंद असतात. शाकाहारी कुटुंबाला, लहान मुलांसह, तो शनिवार जड जाईल. एक आठवडा मागे-पुढे करा. मिडसमरलाच यायचं असेल तर स्कान्सेनमध्ये फुलांचा खांब उभारून लोक गाणी म्हणत फेर धरतात, ते बघा, पण खाणं हॉटेलवर तयार ठेवा.

जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे साडेतीनला उगवतो. मुलं झोपणार नाहीत. खोलीला जाड पडदे आहेत का ते आधी विचारा, आणि झोपायची वेळ घड्याळावर पाळा, उजेडावर नाही. मोठ्यांसाठी या उजेडाचा फायदाही आहे. शनिवारी जेवून झाल्यावर मारियाटोर्गेट स्टेशनजवळच्या मोंटेलियुसवेगेन या वाटेवर जा. कड्याच्या काठानं जाणारी ही लहानशी पायवाट आहे, समोर मेलारेन सरोवर, टाउन हॉलचा मनोरा आणि जुनं शहर. बाकावर बसून राहायचं, बस्स.

खाण्याचं सांगते, कारण तीच काळजी तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त दिसली. हॉटेल नाश्त्यासह घ्या. पाव, दही, ओट्सची लापशी, फळं, चीज, सकाळ निभते. शाकाहारी पदार्थ जवळपास प्रत्येक ठिकाणी मिळतो, संग्रहालयाच्या उपाहारगृहातसुद्धा, फक्त "वेगेतारिस्क" हा शब्द शोधा. फलाफल गल्लोगल्ली आहे. सासूबाई अंडं खात नसतील तर जपा : मुलांच्या ताटात येणाऱ्या पातळ पॅनकेकमध्ये अंडं असतं, आणि प्रसिद्ध दालचिनी रोलवर, कानेलबुल्लेवर, बहुधा अंड्याचा हात फिरवलेला असतो. अंड्याला इथं "एग"च म्हणतात, विचारणं सोपं आहे. आणि मुलांची खरी अडचण म्हणजे सुट्या गोळ्या. शनिवारी गोळ्या खायची इथं रीतच आहे, तिला ल्योर्डाग्सगूडिस म्हणतात. दुकानात रंगीत खणांची भिंत असते आणि मुलं स्वतः पिशवी भरतात. मऊ गोळ्यांत बहुतेक वेळा जिलेटिन असतं. शब्द तोच आहे, पाटीवर वाचा. जिलेटिन नसलेल्याही बऱ्याच मिळतात, त्यामुळे मुलांना तो आनंद नाकारू नका. नळाचं पाणी उत्तम आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

प्रवासाचं थोडक्यात. विमान आर्लांडाला उतरतंय ना, हे तिकिटावर बघा. स्कावस्टा नावाचा विमानतळही स्टॉकहोमच्या नावानं विकतात, तो शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. रात्री पोचताय, मुलं पेंगलेली असतील, म्हणून आर्लांडा एक्सप्रेस घ्या, वीसेक मिनिटांत मध्यवर्ती स्टेशन. महाग आहे, पण मोठ्यांबरोबरच्या मुलांना तिकीट लागत नाही. शहरात एसएलचं ७२ तासांचं तिकीट काढा. चार वर्षांच्या मुलासाठी बाबागाडी आणाच.  मेट्रो स्टेशनांवर लिफ्ट असते. चलन क्रोना आहे, युरो नाही, पण नोटा बदलून घेऊच नका. बऱ्याच ठिकाणी रोख घेतच नाहीत, सार्वजनिक स्वच्छतागृहसुद्धा कार्डावर उघडतं. लोक फोनवरून पैसे देताना दिसतील, त्या स्विशसाठी इथला ओळख क्रमांक लागतो, पाहुण्यांना ते मिळत नाही. दोन वेगळी कार्डं जवळ ठेवा.

रविवारी सामान हॉटेलात ठेवून गामला स्तान. रस्ते गोट्यांचे आहेत, बाबागाडी धडधडते आणि गुडघ्यांना त्रास होतो, म्हणून दोन तासांच्या वर थांबू नका. स्तोर्टोर्गेट हा मधला चौक बघा. नोबेल संग्रहालय तिथंच आहे. मुलगी आठ वर्षांची आहे, तिला १९३० साली हे पारितोषिक घ्यायला सी. व्ही. रामन याच शहरात आले होते, एवढं सांगितलं तरी आत शिरायला कारण मिळेल. राजवाड्यासमोर रविवारी सव्वा वाजता पहारा बदलतो. वाद्यवृंद असतो, मुलांना आवडतं, पण चाळीस मिनिटं उभं राहावं लागतं, तेव्हा आजींना आधीच कडेला जागा शोधून द्या. नव्वद सेंटिमीटरची अरुंद गल्ली यादीत आहे, ती पायऱ्यांची आहे. एकजण मुलांना घेऊन जा, आजी खाली थांबतील.

टाउन हॉलचा मनोरा, फोटोग्राफी संग्रहालय, वॅक्सहोमची बोट, हे सगळं या खेपेला सोडा. परत जाताना मेट्रोच्या निळ्या मार्गावर टी-सेंट्रालेनला दहा मिनिटं थांबा. खडकाचं छत, त्यावर निळ्या वेली रंगवलेल्या. १९७५ पासून ते तसंच आहे आणि तिकीट तुमच्या खिशात आहेच.

आणि पहाऱ्यानंतर राजवाड्यासमोरच्या फिनिश चर्चच्या मागच्या अंगणात नक्की जा. तिथं पंधरा सेंटिमीटरचा लोखंडी मुलगा गुडघे पोटाशी घेऊन चंद्राकडे बघत बसलाय, शहरातला सगळ्यात छोटा पुतळा. हिवाळ्यात कुणीतरी त्याला लोकरीची टोपी घालतं. लोक त्याच्या पुढ्यात नाणी, गोळ्या ठेवतात, डोक्यावरून हात फिरवतात. तुमच्याकडे क्रोनाचं नाणं असणार नाही, म्हणून घरून निघतानाच मुलांच्या खिशात दोन नाणी टाका. माझ्या आईनं पर्समधून एक रुपया काढून ठेवला होता.