गाडी जमा करून मोकळा होऊ का? मोकळे होणार नाही, उलट अडकाल

चाकणहून एका वाचकाने लिहिलंय, नाव छापू नका म्हणाले. थोडक्यात असं: कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला, हातात येणारा पगार ५२ हजारांवरून ३८ वर आला, गाडीचे तीन हप्ते थकले (हप्ता १५,९०० चा), आणि मागच्या आठवड्यात रात्री नऊला फायनान्सची दोन पोरं सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन "चावी द्या नाहीतर टोचन लावू" म्हणाली. आता यांचा प्रश्न, गाडी देऊन टाकू का, का बायकोचे दागिने ठेवून थकबाकी भरू?

माझं मत आधीच सांगतो, दोन्ही नको. गाडी तुम्ही स्वतः विका, आणि ती विकेपर्यंत जो वेळ लागेल तेवढा वेळ तुम्हाला कायदा मिळवून देतो, त्यापेक्षा जास्त काही देत नाही हे डोक्यात ठेवा.

का ते आकड्यात बघू. तुम्ही पाठवल्याप्रमाणे पुढची शिल्लक मुद्दल ५ लाख ६० हजार, थकलेले हप्ते ४७,७००, बाउन्स आणि दंडाचे अंदाजे ६ हजार. गाडी जमा केली की ती यार्डात जाते, तिथलं भाडं, उचलण्याचा खर्च, सगळं तुमच्याच खात्यावर पडतं, धरा २० हजार. म्हणजे देणं झालं ६ लाख ३४ हजारांच्या आसपास. आता तुम्हाला डीलर सव्वासहा ते साडेसहा लाख सांगतोय तीच गाडी लिलावात पाचला गेली (आणि लिलावात गाडी घेणारा नफा ठेवूनच घेतो, त्याला तुमची घाई माहीत असते) तर गाडी गेली, वर १ लाख ३४ हजार देणं तसंच उभं, त्याची नोटीस येणार, सिबिलवरही डाग. लोकांना वाटतं गाडी दिली की हिशोब संपला, तो संपत नाही हो!

स्वतः विकलीत तर समजा ६ लाख ४० आले, फोरक्लोजर चार्ज (कर्ज मुदतीआधी बंद करण्याचा आकार) ३ टक्के आणि त्यावर जीएसटी धरून २० हजार गेले, तरी सगळं फिटून पाच-सहा हजार हातात राहतात. अगदी सव्वासहाला गेली तरी खिशातून नऊ-दहा हजारच घालावे लागतील.

दागिन्यांचं म्हणाल तर ५४ हजार भरून आजचं संकट टळेल, पण पुढच्या ५ तारखेला परत १५,९०० आहेतच. घरभाडं ११ हजार, हप्ता गेला की ३८ मधले ११ हजार उरतात, त्यात किराणा, शाळा, पेट्रोल आणि गोल्ड लोनचं व्याज. ओव्हरटाइम दोन महिन्यांत परत सुरू होतोय असं कंपनीने लेखी सांगितलं असतं तर मी वेगळं बोललो असतो.

आता त्या पोरांचं. रात्री नऊला येऊन धमकावणं हे रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत नाही, ऑगस्ट २०२२ च्या सर्क्युलरप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोनसुद्धा करायचा नाही. एजंटकडे कंपनीचं ऑथरायझेशन लेटर आणि ओळखपत्र पाहिजे, ते मागा, फोटो काढा. सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच एका बँकेच्या केसमध्ये गुंड पाठवून गाड्या उचलण्यावर ताशेरे ओढलेत, वसुली कायदेशीर मार्गानेच करा म्हणून. आणि तुमच्या लोन अ‍ॅग्रीमेंटमध्ये गाडी ताब्यात घेण्याचं कलम असेल, त्यात नोटीस किती दिवसांची, ताबा कसा घेणार, विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी, हे लिहिलेलं असलंच पाहिजे असं एनबीएफसींना, म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपन्यांना, बंधन आहे. तुमच्याकडे अ‍ॅग्रीमेंटची कॉपीच नाही म्हणालात, आजच मेल करून मागा.

एक कागद मात्र कुठल्याही परिस्थितीत सही करू नका, "मी स्वखुशीने गाडी जमा करत आहे" असा. एजंट गोड बोलून तोच पुढे करतात, आणि त्यावर सही झाली की नंतर जबरदस्ती झाली हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

पण म्हणून ते चोर आहेत असं समजून पोलीस चौकीत गेलात तर बहुतेक हात हलवत परत याल. २००२ चा करार असलेल्या एका जीपची केस सुप्रीम कोर्टात २०२० ला निकाली निघाली, ३५ पैकी ७ हप्ते भरले होते, बिननोटीस गाडी नेली होती, तर कोर्टाने म्हटलं की करारात असेल तर गाडी ताब्यात घेणं गुन्हा नाही, नोटीस दिली नाही ही सेवेतली त्रुटी, भरपाई १५ हजार. इतक्या वर्षांनी! मारहाण, धमकी, घरात घुसणं हे वेगळं, त्याला ११२ लावा. आणि कोणी कोर्टाची किंवा आर्बिट्रेटरची (लवादाची) ऑर्डर घेऊन आला तर ती वाचा, फोटो घ्या, भांडू नका. गाडी गावाला नेऊन लपवणं, कंपनीच्या एनओसीशिवाय (ना हरकत पत्राशिवाय) परस्पर विकणं हे तर अजिबात नको, तिथे तुम्हीच अडकाल.

या आठवड्यात काय करायचं ते सांगतो. एक हप्ता भरा, तेवढे आहेत तुमच्याकडे. सगळ्यात जुना हप्ता थकून ९० दिवस उलटले की खातं एनपीए होतं, म्हणजे थकीत कर्जात टाकलं जातं, आणि मग एखाद-दुसरा हप्ता भरून उपयोग नसतो, पूर्ण थकबाकी भरल्यावरच ते सुधारतं. तुम्ही अजून साधारण ६८ दिवसांवर आहात, म्हणजे एका हप्त्याने महिनाभर मिळतो. पैसे एजंटच्या हातात किंवा त्याच्या यूपीआयवर नाही, थेट लोन खात्यात, आणि मेल टाका की हे सर्वात जुन्या हप्त्यात धरा. त्याच मेलमध्ये रात्रीच्या प्रकाराची तक्रार आणि फोरक्लोजर स्टेटमेंटची मागणी. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट होते, ग्राहक आयोगाचा रस्ता आहेच.

गाडी विकताना गिऱ्हाइकाने पैसे थेट लोन खात्यात भरायचे, मग फायनान्स कंपनी एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्ज फिटल्याचा आरटीओचा फॉर्म) देते, ते आरटीओत देऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा, तेव्हाच नावावर करायचं. दोन-तीन डीलरचे भाव घ्या, पहिल्यालाच हो म्हणू नका.

स्टेटमेंट आलं की मला चार्जेसचा कॉलम पाठवा. दंडावर परत व्याज लावायला २०२३ च्या सर्क्युलरने मनाई आहे, तरी काही कंपन्या लावतात, तसं दिसलं तर ते आधी काढायला लावू आणि मगच पैसे भरू.