आधी निर्णय, मग नकाशा

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा तालुक्याचा हवामान आराखडा काल रात्री वाचून काढला. नकाशे देखणे आहेत. 2050 चं तापमान लाल, 2080 चं त्याहून लाल. पण शेवटचं पान उलटलं तरी एक गोष्ट सापडेना. हे वाचून कोण, काय, कधी वेगळं करणार? ग्रामसेवकाने कुठलं पान उघडून कुठला निर्णय बदलायचा?

मी तर याहून वाईट केलंय. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. 'यंदा मान्सून सर्वसाधारण' हा अंदाज मी एका गावच्या चावडीवर मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवला. मृगात एक दणका पाऊस झाला आणि लोकांनी चाड्यावर मूठ धरली. मग जवळजवळ तीन आठवडे खंड. दुबार पेरणी. एका म्हाताऱ्याने बियाण्याची रिकामी पिशवी माझ्यासमोर उलटी करून झटकली, बोलला काहीच नाही. अंदाज खोटा ठरला नव्हता, देशाचा हंगाम ठीकच गेला. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी त्या अंदाजाच्या तोंडी घातलं होतं.

'सर्वसाधारण' म्हणजे जून ते सप्टेंबर मिळून, अख्ख्या देशात, सरासरी 87 सेंटिमीटरच्या 96 ते 104 टक्के. त्यात तुझ्या तालुक्याचा ऑगस्ट कुठेच नाही. 2023 आठव. हंगाम 94 टक्क्यांवर संपला, म्हणजे आकडा फार वाईट नाही. पण जुलैत 113 टक्के आणि ऑगस्टमध्ये 64. 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट! सोयाबीन फुलोऱ्यात, शेंगा धरायच्या वेळी. बेरजेवर पीक येत नाही गं.

म्हणून आधी निर्णय लिहून काढ आणि प्रत्येकापुढे त्याचं आयुष्य. पेरायचं की थांबायचं, हा चार-पाच दिवसांचा निर्णय. त्याला आपल्या महसूल मंडळात, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटात, आजवर पडलेला पाऊस (75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय घाई नको), जमिनीचा वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आणि जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज पुरे. खंडात पीक जगवायचं संरक्षित पाणी आत्ता द्यायचं की शेततळ्यात राखून ठेवायचं, हा दोन-तीन आठवड्यांचा. त्यासाठी हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज काढतं, तो बघ. यातल्या एकालाही 2050 चा नकाशा लागत नाही.

तो लागतो ओढ्यावरच्या मोरीला. मोरी चाळीस-पन्नास वर्षं उभी राहणार. बांधकामच्या अभियंत्याला एकच विचार, पुराचा हिशोब कुठल्या वर्षांच्या पावसावर केलाय? पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासात 1950 ते 2015 दरम्यान मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढलेल्या दिसल्या. जुन्या वहीवरची मोरी नव्या पावसाला कशी पुरेल? बांधतानाच पाणी जायचा एक सिमेंटचा नळ वाढवला तर खर्च थोडा वाढतो. रस्ता वाहून गेल्यावर तोच नळ टाकायला सगळंच उकरावं लागतं.

पूररेषेचंही तसंच. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या पुराची. लोकांना वाटतं, पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत. तसं नसतं. दर वर्षी चार टक्के शक्यता, आणि पंचवीस वर्षांत एकदा तरी पाणी चढण्याची शक्यता जवळपास 64 टक्के. तीही पाऊस पूर्वीसारखाच राहिला तर! आरोग्य उपकेंद्राची जागा ठरवताना हा हिशोब सरपंचांपुढे मांड. '25 वर्षांचा पूर' हे शब्द मात्र तोंडून काढू नकोस.

पाऊस एकूण किती वाढणार यावर मॉडेलांचं एकमत नाही, हे तू तळटीपेत बारीक अक्षरात दडवलंयस. ते वर घे. ती लाज वाटण्याची गोष्ट नाही, त्यावरूनच ठरवायचं असतं. उष्णता वाढणार यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे, तेव्हा अंगणवाडीच्या तापणाऱ्या पत्र्याचा विचार बिनधास्त कर. पावसाच्या बाबतीत दोन्हीकडे चालेल असं काही शोध. रुंद वरंबा सरीवर पेरलं की जादा पाणी सरीतून निघून जातं आणि खंडात ओल टिकते. अंदाज कुठल्याही बाजूने चुकला तरी शेतकऱ्याचं नुकसान कमी.

आणि मंडळाचं पर्जन्यमापक एकदा स्वतः जाऊन बघ. मी एकावर घेवड्याचा वेल चढलेला पाहिलाय, खाली एक कोंबडी अंडी उबवत बसलेली. त्याच आकड्यांवर फळपीक विम्याचे पैसे ठरतात. शिवाय बैलाचं एक शिंग भिजतं नि दुसरं कोरडं राहतं, असा आपला पाऊस. मंडळाचा आकडा वरच्या वस्तीला लागू होईलच असं नाही. शाळेत एक साधं मापक बसवून घे, सातवीची पोरं रोज सकाळी साडेआठला नोंद घेतील.

येत्या गुरुवारी ये. नकाशे घरीच ठेव. तालुक्यातल्या मोऱ्यांची यादी आण, आणि गेल्या दहा वर्षांत कुठल्या मोरीवरून पाणी गेलं ते एसटीच्या ड्रायव्हरांना विचारून त्यावर खुणा करून आण.

तुझा,
काका